सायकलवरचे ओझे : किती आणि कुठे?

शाळा सुटल्यावर फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून बाहेर पडणाऱ्या सायकली पाहा. मुलांची दप्तरे कुठे आहेत, एवढेच मोजा. काही पाठीवर असतील, काही कॅरिअरच्या चापाखाली दाबलेली, काही पुढच्या बास्केटमध्ये, आणि बरीचशी हँडलच्या एका टोकाला लटकलेली. दप्तर तेच, वजनही जवळजवळ तेच. पण या चारही जागा सायकलच्या दृष्टीने सारख्या आहेत का?

हा प्रश्न मला उशिरा पडला, आणि तोही मी स्वतः पडल्यानंतर. मी अमरावतीत राहतो. प्रयोगशाळेत जाण्यायेण्याचे रोजचे अंतर चौदा किलोमीटर. काही वर्षांपूर्वी जुनी काळी सायकल सोडून मी बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची हलकी सायकल घेतली. तिला कॅरिअर नव्हते आणि ते बसवायला भोकेही नव्हती. डबा, पाण्याची बाटली, कागदपत्रे, एखादे जाड पुस्तक असे सात-आठ किलो सामान मात्र रोजचेच. आधी ते पाठीवर घेतले. एप्रिल लागताच पाठ भिजून जाऊ लागली, तेव्हा पिशवी हँडलला अडकवली. तिसऱ्याच दिवशी एका गतिरोधकावर पिशवी झुलली, तिचा कोपरा पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये गेला, चाक जागच्या जागी थांबले आणि मी हँडलवरून रस्त्यावर पडलो. मागून ट्रक येत नव्हता म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावले. त्यानंतर मी, आधीच करायला हवे होते ते केले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वजनाची खरी किंमत

आकडेमोडीसाठी सोयीचे आकडे घेऊ. सायकलस्वार ६० किलो, सायकल १२ किलो, सामान ८ किलो आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सपाट डांबरी रस्त्यावर सायकलला दोन मुख्य विरोध असतात. एक हवेचा, दुसरा टायर रस्त्यावर लोळताना होणारा. या वेगाला हवेसाठी साधारण ३५ वॅट शक्ती खर्च होते. लोळण्याचा विरोध वजनाच्या सुमारे ०.६ टक्के धरला, तर ८० किलोसाठी सुमारे २४ वॅट लागतात. त्यांपैकी ८ किलो सामानाचा वाटा किती? फक्त अडीच वॅट!

म्हणजे एकूण साठेक वॅटमध्ये सामानामुळे पडणारी भर चार टक्क्यांच्या आसपास आहे. चौकात थांबून पुन्हा ५ मीटर वेग घेताना त्या ८ किलोंना १०० ज्यूल ऊर्जा द्यावी लागते. तीही पायांना फार जाणवत नाही. चढ आला की चित्र बदलते. शंभर मीटरला तीन मीटर चढ असेल, तर त्याच वेगाने जाताना सामानासाठी आणखी १२ वॅट लागतात. चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला एकेक किलो जड वाटतो तो यामुळेच. पण वऱ्हाडचा बराचसा भाग म्हणजे पूर्णा नदीचे सपाट खोरे, जुन्या लोकांच्या बोलण्यातला पयानघाट. तेथे रोज शाळेत किंवा कामावर जाणाऱ्याला वजन किती यापेक्षा ते कुठे ठेवले याचा परिणाम अधिक भोगावा लागतो. तेव्हा एकेक जागा तपासू.

पाठीवर

सायकल चालवताना आपण खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते पंचमांश भागच पेडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. पेडलवर ६० वॅट हवे असतील तर शरीरात सुमारे २०० वॅट उष्णता तयार होत असते. हिवाळ्यात ती वाऱ्यानेच निघून जाते. पण अकोला-अमरावतीला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत सहज जातो. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे हवा शरीरापेक्षा गरम! अशा वेळी वारा उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. मग घामाची वाफ होणे हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता जाते. २०० वॅटचा हिशेब केला तर तासाला ३०० ग्रॅम घामाची वाफ व्हायला हवी. उन्हाची आणि गरम वाऱ्याची भर वेगळीच.

येथे एक बारकावा मुलांना जरूर सांगावा. घाम गळून गेला किंवा कपड्यात जिरून राहिला तर त्याचा उपयोग नाही. त्याची वाफच झाली पाहिजे. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर जो ठोकताळा वापरतात, त्यानुसार धडाची मागची बाजू शरीराच्या पृष्ठभागाच्या १८ टक्के असते. दप्तर तिचा निम्म्याहून अधिक भाग झाकते. म्हणजे शरीराचा जवळजवळ एक दशांश भाग, आणि तोही भरपूर घाम येणारा, थंड होण्याच्या कामातून बाद होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मार्च-एप्रिलमध्ये घरी परतणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा हिशेब अगदी खरा आहे.

दुसरा मुद्दा मणक्याचा. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला, आणि केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे. ४० किलोच्या मुलीला ४ किलो. पायी चालताना हे ओझे सरळ मणक्यावरून खाली उतरते. सायकलवर पुढे वाकल्यावर त्याचा काही भाग खांद्यांतून मनगटांवर येतो आणि खड्ड्यात प्रत्येक दणका पाठीला बसतो. हेच दप्तर सायकलने उचलले, तर पाठीवरचे ओझे शून्य होते.

पाठीवरच्या ओझ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. स्वाराचे हातपाय स्प्रिंगसारखे काम करतात, त्यामुळे नाजूक वस्तूला पाठीवर कमी धक्के बसतात. काचेचे सामान मी आजही पाठीवरच नेतो.

गुरुत्वमध्य खाली हवा, पण का?

‘ओझे खाली ठेवावे, कारण गुरुत्वमध्य जितका खाली तितके स्थैर्य जास्त,’ असे उत्तर वर्गात लगेच येईल. बैलगाडीला आणि बसला ते लागू आहे. चालत्या सायकलला आहे का? एक प्रयोग करा. एक मीटर लांबीची काठी तळहातावर उभी तोलून पाहा. थोड्या सरावाने जमते. आता पेन्सिल तोला. कितीही सराव केला तरी जमत नाही. काठीचा गुरुत्वमध्य उंच आहे, तरी ती तोलायला सोपी का?

तोलून धरलेली वस्तू पडायला किती वेळ घेते, हे तिच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असते. मीटरभर काठीसाठी हा काळ साधारण पाव सेकंदाचा, तर १५ सेंटिमीटरच्या पेन्सिलसाठी फक्त एक दशांश सेकंदाचा येतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. पेन्सिल त्याआधीच पडलेली असते!

सायकलही अशीच तोललेली वस्तू आहे. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळते, चाके गुरुत्वमध्याच्या खाली येतात आणि तोल सावरतो. तळहात काठीखाली सरकवण्यासारखेच हे आहे. इंग्लंडमधील डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये मुद्दाम वेडीवाकडी बदललेली सायकल चालवून दाखवले, की फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम हे सायकल उभी राहण्याचे मुख्य कारण नाही. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी तर तो परिणाम जवळजवळ नाहीसा केलेली छोटी दुचाकी स्वाराशिवाय ढकलून दिली, आणि ती आपली आपण तोल सावरत गेली. सायकल स्वतःला सावरते ती योग्य वेळी योग्य दिशेला हँडल वळवून. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपल्या उदाहरणात स्वार व सायकल मिळून गुरुत्वमध्य सुमारे एक मीटर उंचीवर येतो. ८ किलो पाठीवर घेतले तर तो अडीच सेंटिमीटर वर जातो. चाकाच्या बाजूला खाली लटकवले तर साडेपाच सेंटिमीटर खाली येतो. यामुळे पडण्याच्या काळात पडणारा फरक एक शतांश सेकंदाच्या घरात आहे. सरळ रस्त्यावर तो कळतही नाही. मग ओझे खाली ठेवण्याचा फायदा केव्हा? सायकल थांबते तेव्हा. सिग्नलला एक पाय टेकवून सायकल दहा अंश कलती धरली, तर कॅरिअरच्या वर ८५ सेंटिमीटर उंचीवर ठेवलेले ८ किलो सायकलला साडेअकरा न्यूटन-मीटर आघूर्णाने पाडू पाहतात. तेच ४५ सेंटिमीटर उंचीवर असतील तर सहा. स्टँडवर लावताना, चढता-उतरताना, गर्दीत हातात धरून चालवताना हा निम्म्याचा फरक लहान मुलांना निश्चित जाणवतो.

हँडलवर

आता मला पाडणाऱ्या जागेकडे वळू. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो. तो जमिनीशी साधारण ७२ अंशांचा कोन करून तिरपा असतो. त्यामुळे हँडलच्या उजव्या टोकाला लटकलेली पिशवी हँडलला नुसती खाली ओढत नाही, उजवीकडे वळवतेही. ४ किलोची पिशवी मध्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल, तर हे आघूर्ण ३ न्यूटन-मीटर भरते. ते रोखायला दुसऱ्या हाताने सतत सव्वा किलो वजनाएवढा जोर लावावा लागतो. ही झाली स्थिर पिशवी. खरी पिशवी लंबकासारखी झुलते, आणि प्रत्येक झोक्याला हा जोर कमी-जास्त होतो.

मघाशी आपण पाहिले, की सायकल हँडल वळवून तोल सावरते. ज्या अवयवावर सगळा तोल अवलंबून आहे, नेमका त्यालाच आपण ओझे बांधतो. काठी तोलणाऱ्याच्या मनगटाला विटेची पिशवी बांधण्यासारखेच हे झाले. त्यातून पिशवी चाकात गेली तर पुढचे चाक क्षणात थांबते. पण स्वाराचे शरीर जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहते. मी हँडलवरून गेलो तो असा. लांब बंदांची कापडी पिशवी, छत्री, ओढणी, सगळ्यांना हे लागू आहे.

पुढची बास्केट त्यापेक्षा बरी, कारण ओझे मध्यावर असते आणि झुलत नाही. तरीही ते हँडलबरोबर वळते. तेव्हा डबा आणि दोन-चार वह्या एवढेच तिचे काम.

कॅरिअरवर आणि दुधवाल्याचा धडा

माझे लहानपण अकोल्यात गेले. पहाटे आसपासच्या खेड्यांतून दुधवाले सायकलींवर येत. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यांत अडकवलेले, दोरीने आवळलेले दोन मोठे कॅन असत. आमच्या दुधवाल्या काकांना मी एकदा विचारले, की कॅन कॅरिअरवर का ठेवत नाही? ते म्हणाले, “वझं सायकलच्या पोटाशी पाहिजे बाबू, डोक्यावर नाई.” आणखी एक गोष्ट तेव्हा पाहिली होती, पण तिचा अर्थ मोठेपणी कळला. एका घरी ते डाव्या कॅनमधून दूध मापत, पुढच्या घरी उजव्या.

समजा, १५ लिटरचा एक कॅन आधी पूर्ण रिकामा केला. भरलेला कॅन मध्यापासून पाव मीटरवर आहे. सगळे मिळून वजन शंभर किलो धरले तर सायकल सरळ धावण्यासाठी तिला दुसऱ्या बाजूला सुमारे अडीच अंश कलते ठेवून चालवावे लागेल. हे अशक्य नाही, पण मैलोन्‌मैल कंटाळवाणे आहे. काका हिशेब न करता तो प्रश्न सोडवत होते. माझे ८ किलो एकाच बाजूला लटकवले तर कल दीड अंशाचा येतो. तो चालण्यासारखा आहे. म्हणून पिशवी एकच असेल तरी ती हँडलपेक्षा मागच्या चाकाच्या बाजूला अधिक सुरक्षित!

हीच युक्ती जगभर सापडते. मुंबईचे डबेवाले डब्यांचे घोस सायकलच्या दोन्ही बाजूंना विभागून लटकवतात. १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून एकेका सायकलवर दोनशे किलो आणि त्याहून अधिक माल डोंगरातून ढकलत नेला. आणि सायकलच्या कितीतरी आधी आपल्याकडे घोड्यावर पडशी होतीच. दोन तोंडांची, दोन्ही बाजूंना सारखी.

ओझे मागे किती सरकवायचे, याचे उत्तर सी-सॉच्या नियमात आहे. दोन चाकांच्या आसांत साधारण एक मीटर अंतर असते. गव्हाची ३० किलोची गोणी मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे बांधली, तर मागच्या चाकावर ३० नव्हे तर ३९ किलो भर पडते आणि पुढच्या चाकावरचा भार ९ किलोंनी कमी होतो. पुढचे चाक हलके झाले की हँडल भिरभिरू लागते, आणि चढावर तर चाक उचलल्यासारखे वाटते. ओझे आसाच्या बरोबर वर किंवा थोडे पुढे असले की हा त्रास टळतो.

घट्ट बांधा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. पण आपली मुले महामार्गावरून शाळेत जात नाहीत. ती जातात गावरस्त्यांनी, आणि हे रस्ते उभे असतात काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरच्या रस्त्याला काही वर्षांत लाटा येतात.

अशी एक लाट घेऊ. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत एक मीटर, आणि उंचवटा व खळगा यांत फरक फक्त दोन सेंटिमीटर. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला पाच वेळा वर-खाली होईल. त्याचे महत्तम त्वरण काढले तर ते येते सुमारे ९.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढे! अर्थ असा, की उंचवट्यावर कॅरिअरवरचे न बांधलेले दप्तर क्षणभर वजनहीन होते आणि खळग्यात त्याचे वजन दुप्पट भरते. टायर थोडेफार दबते म्हणून प्रत्यक्षात हे किंचित कमी असेल, पण वेग वाढला तर त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते. चापाखालचे दप्तर हळूहळू सरकत पडते ते का, हे यावरून कळेल. पंक्चरच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती ताणून बांधली, की दप्तर कॅरिअरचाच भाग होऊन जाते. पट्टीची टोके मात्र मोकळी लोंबू देऊ नका.

बारीक टायरवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. माझ्या सायकलमध्ये हवेचा दाब सुमारे सात वातावरण असतो. मागच्या चाकावर ४० किलो भार असेल तर टायर जमिनीला साडेपाच-सहा चौरस सेंटिमीटर एवढेच टेकते. अंगठा टेकवल्यावर उमटणाऱ्या ठशाएवढे. सामान वाढले आणि हवा कमी असली, की खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटून फुटते. म्हणून सामान न्यायचे त्या दिवशी हवा आधी तपासावी.

माझ्या सायकलला भोके नव्हती, तरी रबर लावलेल्या पत्र्याच्या क्लिपांनी फ्रेमला हलके कॅरिअर बसवता आले. त्याच्या एका बाजूला पिशवी टाचेला लागणार नाही इतकीच मागे, पण आसाच्या शक्य तितकी जवळ लटकते. पाठ मोकळी झाली. निव्वळ सीटच्या दांड्याला आवळलेले कॅरिअरही मिळते. पण ते एका टोकाला धरलेल्या फळीसारखे असल्याने त्याच्यावर लिहिलेली वजनमर्यादा पाळावी.

वर्गासाठी

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या आणि अनेकींची शाळा त्या सायकलमुळे टिकली. ती सायकल हीच तुमची प्रयोगशाळा. वजनकाटा एका चाकाखाली आणि तेवढ्याच उंचीची वीट दुसऱ्या चाकाखाली ठेवा. दप्तर कॅरिअरवर पुढे-मागे सरकवा आणि दोन्ही चाकांवरचा भार नोंदवा. तक्त्यावरून सी-सॉचा नियम मुलांना स्वतः काढू द्या. मग काठीच्या एका टोकाला ओल्या मातीचा गोळा लावा. गोळा वर ठेवून आणि खाली ठेवून ती तळहातावर तोलायला सांगा. कोणती सोपी, हे आधी वहीत लिहून घ्या आणि मगच प्रयोग करा.

शेवटी, ज्यांची दप्तरे हँडलला होती त्यांना ट्यूबची एकेक पट्टी द्या. आठवड्याने शाळा सुटताना पुन्हा फाटकापाशी उभे राहा आणि हँडलवरची दप्तरे पुन्हा मोजा.